हातातला रेडिओ स्कॅनर: काय ऐकायचं ते आधी, यंत्र नंतर

अमेरिकेत पहिला स्कॅनर घेणारे बरेच जण पोलिसांचं बोलणं ऐकायला मिळेल म्हणून घेतात, आणि थोड्याच दिवसांत तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. मोठ्या शहरांतल्या पोलिसांचं बोलणं आता डिजिटल झालं आहे, अनेक ठिकाणी ते सांकेतिक कुलपात बंद आहे, आणि साध्या स्कॅनरवर नुसती खरखर येते. मग माणूस यंत्राला नावं ठेवतो. यंत्राचा त्यात काही दोष नसतो. ते दुसऱ्याच कामाचं असतं.

म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे. आधी तुमच्या घराभोवतीच्या हवेत काय चाललंय ते बघायचं, मग कायदा, मग खरेदी. उदाहरणं न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीची घेतली आहेत, कारण एडिसन, जर्सी सिटी, क्वीन्स या पट्ट्यात मराठी वस्ती भरपूर आहे आणि तीन मोठे विमानतळ, एक बंदर आणि देशातला सर्वांत गजबजलेला रेल्वेमार्ग हे सगळं हाताशी आहे. तुम्ही शिकागोला किंवा ह्यूस्टनला असाल तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

स्कॅनर म्हणजे फक्त ऐकणारा रेडिओ. वॉकी-टॉकीसारखं त्यातून बोलता येत नाही. तुम्ही दिलेल्या फ्रिक्वेन्सींवरून तो भराभर फिरत राहतो, जिथे आवाज सापडेल तिथे थांबतो, बोलणं संपलं की पुढे सरकतो. एवढंच त्याचं काम.

पहिलं काम: आपल्या भागाची यादी

यंत्र विकत घ्यायच्या आधी एक संध्याकाळ संगणकावर घालवा. रेडिओरेफरन्स नावाचं संकेतस्थळ या छंदाचा पंचांगासारखा आधार आहे. राज्य निवडा, मग काउंटी निवडा. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, शाळेच्या बस, विमानतळ, मॉलचे रखवालदार, सगळ्यांची यादी समोर येते. वाचायला फुकट आहे. यादी थेट स्कॅनरमध्ये उतरवून घ्यायची असेल तर पैसे भरून सभासद व्हावं लागतं. सुरुवातीला त्याची गरज नाही.

यादीत दोन गोष्टी बघायच्या. पहिली, फ्रिक्वेन्सी कुठल्या पट्ट्यात आहे. दुसरी, तिच्यापुढे लिहिलेला मोड. एफएम किंवा एफएमएन असेल तर साधा अॅनालॉग आवाज, कुठलाही स्कॅनर ऐकवेल. पी२५, डीएमआर, एनएक्सडीएन असं काही असेल तर डिजिटल. ‘ट्रंक्ड सिस्टीम’ अशा मथळ्याखाली यादी असेल तर मामला आणखी वेगळा, त्याबद्दल पुढे. त्या यादीत प्रत्येक गटासमोर मोडची अक्षरं असतात. त्यात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीत दिसलं की तो गट कायमचा कुलूपबंद समजा, लहान लिपीत दिसलं तर अधूनमधून.

आता कागदावर दोन रकाने करा: ‘साध्या स्कॅनरवर येईल’ आणि ‘डिजिटल लागेल’. विमानं, जहाजं, रेल्वे, हवामान, हॅम रेडिओ (म्हणजे परवाना घेऊन हौसेने बोलणाऱ्यांचा रेडिओ), गावातली स्वयंसेवी अग्निशमन दलं यांतलं बहुतेक सगळं पहिल्या रकान्यात जाईल. मोठ्या शहराचे आणि काउंटीचे पोलीस बहुधा दुसऱ्या. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या रकान्यात दहा-बारा नोंदी आल्या तर साधा स्कॅनर घ्या आणि निदान सहा महिने दुसऱ्या रकान्याकडे बघू नका.

कायद्याचं थोडं, पण नीट

अमेरिकेत स्कॅनर बाळगायला आणि घरी बसून ऐकायला संघराज्याचा परवाना लागत नाही. पण तीन कुंपणं आहेत.

पहिलं मोबाइल फोनचं. १९८६ च्या कायद्याने सेल्युलर फोनवरचं बोलणं ऐकणं गुन्हा ठरवलं आणि १९९४ पासून तो पट्टा पकडू शकणारे स्कॅनर बनवायला व आयात करायलाच बंदी आली. म्हणून आजच्या स्कॅनरमध्ये ८२४ ते ८४९ आणि ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ हे तुकडे गायब असतात. तरीही १९९६ च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या एका दांपत्याच्या स्कॅनरवर प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांची फोनवरची बैठक सापडली, कारण सहभागी नेत्यांपैकी जॉन बेनर गाडीतून मोबाइलवर बोलत होते. दांपत्याने ते टेप केलं, टेप पुढे वर्तमानपत्रांपर्यंत गेली, आणि दोघांना प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला. आज मोबाइलचं सगळं बोलणं डिजिटल आणि सांकेतिक असल्यामुळे हा प्रश्न व्यवहारात उरलेला नाही. कायदा मात्र उभा आहे.

दुसरं कुंपण म्हणजे ऐकलेल्याचा वापर. ऐका, पण त्यातून स्वतःचा फायदा करून घेऊ नका. एका टॅक्सी कंपनीने दुसरीचं बोलणं ऐकून तिची गिऱ्हाइकं पळवायची, हे याचं नेहमीचं उदाहरण. ऐकलेलं रेकॉर्ड करून सोशल मीडियावर टाकायची हौस असेल तर आधी दोनदा विचार करा; अपघातात सापडलेल्या कुणाचा तरी पत्ता त्यात असतो.

तिसरं कुंपण राज्याराज्याचं. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा रेडिओ परवानगीशिवाय गाडीत बसवणं गुन्हा आहे. हॅम परवानाधारकांना त्यातून सूट आहे. फ्लोरिडा, केंटकी, इंडियाना इथेही गाडीतल्या किंवा अंगावर बाळगलेल्या स्कॅनरवर कमी-जास्त निर्बंध आहेत. न्यू जर्सीत गुन्हा करताना असा रेडिओ जवळ सापडला तर तो वेगळा गुन्हा धरतात. हडसन ओलांडताना स्कॅनर सोबत असेल तर सेल काढून डिकीत ठेवा.

आणि हे आवर्जून सांगतो: भारतात जाताना तो बॅगेत टाकू नका. तिथे वायरलेस उपकरण बाळगण्याचा कायदा परवान्याभोवती बांधलेला आहे, १९३३ पासून. कस्टमच्या काउंटरवर ‘हा फक्त ऐकायचा आहे’ हे पटवत बसण्यात सुट्टीचे दोन तास घालवू नयेत. भारतात राहून हा छंद करायचा असेल तर सरळ वाट हॅम परवान्याची. परीक्षा आहे, बाराव्या वर्षापासून देता येते.

खरेदी

साध्या गटात युनिडेनचा बीसी१२५एटी हा मी डोळे झाकून सुचवतो. १२५ डॉलरच्या आसपास मिळतो. पाचशे चॅनेल, पन्नास-पन्नासाच्या दहा बँकांत, म्हणजे कप्प्यांत, विभागलेले. २५ ते ५४, १०८ ते १७४, २२५ ते ३८० आणि ४०० ते ५१२ मेगाहर्ट्झ हे पट्टे ऐकतो. म्हणजे नागरी आणि लष्करी विमानं, जहाजं, रेल्वे, हवामान, दोन्ही मुख्य हॅम पट्टे, मुलांच्या वॉकी-टॉक्या, सगळं आलं. दोन डबल-ए सेलवर चालतो, संगणकाला यूएसबीने जोडता येतो. अँटेना बीएनसी पद्धतीची, पाव फेरा फिरवली की निघते. डिजिटल काहीही ऐकवत नाही, आणि ७०० किंवा ८०० चा पट्टाही त्यात नाही.

डिजिटल गटात त्याच कंपनीचे बीसीडी४३६एचपी आणि २०१८ मध्ये आलेला एसडीएस१००. एसडीएस१०० साडेसहाशे-सातशे डॉलरच्या घरात जातो, आणि डीएमआर, एनएक्सडीएन हे प्रकार हवे असतील तर त्यांची किल्ली वेगळी विकत घ्यावी लागते. इथे पिनकोड टाकला की यंत्र स्वतःच आजूबाजूच्या यंत्रणा शोधून ऐकवायला लागतं. सोय मोठी आहे, पण पहिल्या दिवशी एकदम शे-दीडशे गटांचा गलका कानावर आदळतो आणि कोण कुठून बोलतंय काही कळत नाही.

जुना स्कॅनर स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल तर एक गोष्ट तपासा. २०१३ च्या जानेवारीपासून १५० ते ५१२ मेगाहर्ट्झमधल्या व्यावसायिक आणि सरकारी वापरकर्त्यांना अरुंद चॅनेलवर जावं लागलं. त्याआधीच्या काही यंत्रांत अरुंद एफएमची सोय नसते; आवाज येतो, पण खोल विहिरीतून आल्यासारखा बारीक.

पहिली संध्याकाळ

सेलच्या कप्प्यात एक छोटी कळ असते, अल्कलाइन की चार्ज होणारे निकेल सेल हे सांगणारी. साधे अल्कलाइन सेल घालून कळ निकेलवर ठेवली आणि यूएसबी जोडलं, तर यंत्र त्या सेलना चार्ज करायला जाईल; सेल पाझरतील, फुटतीलही. चार्ज होणारे चांगले सेल घ्या आणि हा विषय संपवून टाका.

सुरू केल्यावर आधी हवामान लावा. अमेरिकेत हवामान खात्याची सात ठरलेली फ्रिक्वेन्सी आहेत, १६२.४०० पासून १६२.५५० पर्यंत, २५ किलोहर्ट्झच्या अंतराने. चोवीस तास यंत्राच्या आवाजातला अंदाज चालू असतो. न्यूयॉर्क शहराचं केंद्र केडब्ल्यूओ३५, १६२.५५० वर. सातपैकी एक तरी बहुतेक ठिकाणी लागतंच, आणि आवाज सतत चालू असल्यामुळे यंत्र, अँटेना आणि तुमची खिडकी तपासायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून ऐका, मग खिडकीपाशी जा. फरक तिथल्या तिथे कळेल.

याच केंद्रावर स्क्वेल्च शिकून घ्या. स्क्वेल्च म्हणजे खरखर दाबणारी मर्यादा. पूर्ण उघडा, खरखर येऊ द्या, मग ती जेमतेम थांबेल इतकाच बंद करा. त्याच्या पुढे नाही. नवशिक्याचे अर्धे ‘काहीच ऐकू येत नाही’ हे स्क्वेल्च जास्त आवळल्याचे असतात.

विमानं: इथून सुरुवात करा

विमानांचा संवाद १०८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, त्यातलं बोलणं ११८ च्या वर. जगभर अजूनही जुन्या एएम पद्धतीवर चालतो, कुलूप नाही, डिजिटल नाही. एएम ठेवण्याचं एक कारण गमतीचं आहे: दोन वैमानिक एकदम बोलले तर एफएममध्ये जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो, एएममध्ये दोघांची मिळून शीळ ऐकू येते आणि कुणीतरी दबला हे सगळ्यांना कळतं.

नुवार्कचा टॉवर ११८.३, लाग्वार्डियाचा ११८.७, जेएफकेचा ११९.१ आणि १२३.९. जेएफकेची एटिस, म्हणजे विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती, १२८.७२५ वर. फ्रिक्वेन्सी अधूनमधून बदलतात, म्हणून भरण्याआधी ताज्या यादीशी ताडून पाहा.

आधी एटिस ऐका. वारा कुठून, धावपट्टी कुठली, आणि माहितीचं अक्षर: इन्फर्मेशन ब्राव्हो, इन्फर्मेशन चार्ली. मग टॉवर लावा. पहिले दहा मिनिटं एक शब्द कळणार नाही. वैमानिक आणि नियंत्रक दोघंही श्वास न घेता बोलतात. फोनवर फ्लाइटरडार उघडून शेजारी ठेवा. पडद्यावर जे विमान धावपट्टीकडे येतंय त्याचाच क्रमांक कानावर पडतो, आणि एकदा तो जुळला की बाकीचं वाक्य आपोआप उलगडतं. क्रम ठरलेला असतो: कोणाला, कोण, कुठली धावपट्टी, काय परवानगी. ‘लाइन अप अँड वेट’ म्हणजे धावपट्टीवर येऊन थांबा. ‘क्लीअर्ड टू लँड’ म्हणजे उतरा. ‘गो अराउंड’ ऐकलं तर कान टवकारा. उतरणारं विमान पुन्हा वर जाणार.

हाकेची नावं कंपनीच्या नावासारखीच असतील असं नाही. ब्रिटिश एअरवेज ‘स्पीडबर्ड’, अॅटलस एअरची मालवाहू विमानं ‘जायंट’, रिपब्लिकची छोटी जेट ‘ब्रिकयार्ड’. २००९ च्या १५ जानेवारीला हडसनमध्ये उतरलेलं यूएस एअरवेजचं विमान रेडिओवर ‘कॅक्टस’ होतं. एअर इंडिया मात्र ‘एअर इंडिया’च. आई-वडील त्या विमानाने जेएफकेला येणार असतील तर ‘एअर इंडिया, क्लीअर्ड टू लँड’ ऐकून मगच घराबाहेर पडा. इमिग्रेशन आणि सामान धरून तुम्हाला वेळ भरपूर आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बुचकळ्यात टाकते: विमान स्पष्ट ऐकू येतं आणि त्याला उत्तर देणारा टॉवर अजिबात नाही. या फ्रिक्वेन्सी सरळ रेषेत जातात. दहा हजार मीटर उंचीवरचं विमान चारशे किलोमीटरपर्यंतच्या क्षितिजाला दिसतं, म्हणून ते पेनसिल्व्हेनियावर असलं तरी एडिसनमध्ये ऐकू येईल. नियंत्रकाची अँटेना मात्र जमिनीलगत आहे आणि मध्ये इमारती, टेकड्या आहेत. अर्धाच संवाद ऐकू येणं हे नेहमीचंच आहे, बिघाड नव्हे.

१२१.५ हे आणीबाणीचं चॅनेल भरून ठेवा. एरवी शांत असतं. कधी कुणी चुकून तिथे बोलतं आणि दुसरा वैमानिक लगेच ‘गार्ड!’ म्हणून ओरडतो.

न्यूयॉर्कजवळच्या लोकांसाठी खास म्हणजे १२३.०५. हडसन नदीवरून १३०० फुटांखाली उडणारी छोटी विमानं आणि पर्यटकांची हेलिकॉप्टरं यांना टॉवर सांभाळत नाही. तीच एकमेकांना आपली जागा सांगत राहतात. अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इंट्रेपिड, ‘द लेडी’ म्हणजे स्वातंत्र्यदेवता, व्हेराझानो पूल. २००९ च्या ऑगस्टमध्ये या नदीवर विमान आणि हेलिकॉप्टर धडकल्यानंतर ही पद्धत सक्तीची झाली. होबोकनच्या काठावर बसून हे ऐकायचं आणि प्रत्येक नावासरशी मान वर करून ते विमान शोधायचं, यात शनिवार दुपार सहज जाते. मुलं सोबत असतील तर त्यांना शोधायला लावा. ईस्ट नदीसाठी हेच १२३.०७५ वर.

चॅनेल कसे भरायचे

हाताने भरायचं असेल तर कृती सोपी: प्रोग्रॅमच्या स्थितीत जा, चॅनेल क्रमांक निवडा, फ्रिक्वेन्सी टाका, साठवा. मग नाव द्या. सोळा अक्षरं मावतात. नाव देण्याचा कंटाळा करू नका. नुसता आकडा दिसला तर आठवड्याने तुम्हालाच कळणार नाही कोण बोलतंय. वीसपेक्षा जास्त चॅनेल असतील तर यूएसबीने जोडून संगणकावरच भरा आणि फाइल जपून ठेवा.

बँकांची विभागणी विषयाने करा, पट्ट्याने नव्हे. माझी अशी: पहिलीत जवळचा विमानतळ, दुसरीत वरून जाणारी विमानं, तिसरीत पाणी, चौथीत रेल्वे, पाचवीत गावचं अग्निशमन दल, सहावीत हॅम. दहावी बँक सापडलेल्या अनोळखी फ्रिक्वेन्सींसाठी. ऐकायला बसताना एक किंवा फार तर दोन बँका चालू ठेवा. सहाही चालू ठेवल्या तर टॉवरचा अर्धा शब्द, बोटीचा पाव, आणि कशाचाच अर्थ लागणार नाही.

एटिस आणि हवामान यांना स्कॅनमधून वगळून ठेवा. त्यासाठी लॉकआउटची कळ आहे. ती दोन्ही सतत बोलतात, त्यामुळे स्कॅनर तिथे पोचला की तिथेच रुतून बसतो आणि तुम्हाला वाटतं आज विमानतळ शांत आहे. डिले, म्हणजे बोलणं थांबल्यावर तिथे रेंगाळण्याचा वेळ, दोन सेकंद ठेवा, म्हणजे प्रश्नामागचं उत्तर हातून जात नाही. प्रायॉरिटी सुरुवातीला बंद ठेवा. चालू असेल तर यंत्र दर दोन सेकंदांनी त्या एका चॅनेलकडे डोकावतं आणि बाकी सगळा आवाज तुकड्यातुकड्यांत येतो.

सर्च हा स्कॅनचा भाऊ. तुम्ही भरलेली यादी सोडून एखादा सबंध पट्टा चाळायचा असेल तेव्हा तो. विमानं, जहाजं, रेल्वे, हॅम, मोटारशर्यती अशा विषयांचे तयार पट्टे यंत्रात दिलेले असतात. क्लोज कॉल नावाची तिसरी सोय जवळपासचा जोरकस सिग्नल आपोआप पकडते. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात पार्किंग सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या हातात वॉकी-टॉकी दिसली, तर क्लोज कॉल लावून ती कुठल्या चॅनेलवर आहे हे बघा, सरावासाठी उत्तम. शहरात मात्र ही सोय रुग्णालयांच्या पेजरवर अडकून टिवटिव करत बसते.

पाणी आणि रूळ

जहाजांचं मुख्य चॅनेल १६, म्हणजे १५६.८००. तिथे हाक मारतात आणि लगेच दुसऱ्या चॅनेलवर निघून जातात, म्हणून एकटं १६ ऐकून उपयोग नाही. सोबत १३ भरा, १५६.६५०, जिथे मोठी जहाजं कोण कुठून पुढे जाणार हे आपसांत ठरवतात. आणि तटरक्षक दलाचं २२ए, १५७.१००. न्यूयॉर्क बंदराची वाहतूक ११, १२ आणि १४ वर चालते. पडद्यावर मरीनट्रॅफिक उघडून ठेवलं की जहाज आणि आवाज जुळतात, विमानांसारखेच.

रेल्वे १६० ते १६१.६ मेगाहर्ट्झच्या दरम्यान. ईशान्य मार्गावर अॅमट्रॅकचं १६०.९२० भरा, मेट्रोपार्क, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स्टन जंक्शन याच मार्गावर आहेत. बोलणं तुटक आणि कमी असतं. मालगाड्यांच्या मार्गावर मात्र रुळालगतची यंत्रं गाडी गेली की मैलाचा आकडा सांगून ‘नो डिफेक्ट्स’ असं स्वतःच बोलतात. असा आवाज आला की गाडी जवळ आहे, फाटकाशी जाऊन उभं राहायला हरकत नाही.

अँटेना: पैसे इथे घाला

सोबत आलेली रबराची अँटेना सगळ्याच पट्ट्यांवर जेमतेम चालते. वीस-पंचवीस डॉलरची ताणता येणारी बीएनसी अँटेना घेतली तर यंत्र बदलल्यासारखं वाटतं. लांबीचा हिशोब सोपा: ७५ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये, त्यातून पाच टक्के वजा. विमानांसाठी साधारण ५७ सेंटिमीटर, जहाजं आणि रेल्वेसाठी ४५, आणि ४६० च्या पट्ट्यासाठी १५-१६. लांब म्हणजे चांगली असं नाही. ४६० ऐकताना ती पूर्ण ताणून ठेवली तर उलट नुकसानच. आणि उभी धरा. सगळ्यांच्या अँटेना उभ्या असतात, तुमची आडवी झाली की सिग्नल पडतो.

घरात काम भागत नसेल तर गाडीच्या टपावर बसते ती चुंबकाची अँटेना आणा. तिला खाली लोखंडाचा पत्रा लागतो. स्वयंपाकघरातला मोठा लोखंडी तवा पालथा घालून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, त्यावर अँटेना चिकटवा. अॅल्युमिनियमच्या परातीला चुंबक चिकटणार नाही. दिसायला विचित्र, पण झकास चालतं. नव्या इमारतींच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो. तो रेडिओही अडवतो. तिथे खिडकी बोटभर उघडणं हाच उपाय.

केबल जितकी लांब तितकं नुकसान, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की ते आणखी वाढतं. दहा मीटर स्वस्त केबल टाकून गच्चीवर अँटेना नेण्यापेक्षा, स्कॅनर खिशात घालून स्वतः गच्चीवर जाणं परवडतं.

चांगली अँटेना लावल्यावर कधीकधी सगळंच बिघडतं: विमानांच्या पट्ट्यात एफएम गाणी, १५५ वर पेजरची चिरचिर. जवळच्या जोरदार प्रक्षेपणाने यंत्राचा कान बधिर झालेला असतो. स्कॅनरमध्ये अॅटेन्युएटर, म्हणजे येणारा सिग्नल मंद करणारी सोय, असतो, तो चालू करा. तेवढ्याने भागलं नाही तर एफएम पट्टा अडवणारा छोटा फिल्टर बाजारात मिळतो. बाकी एखाद्या फ्रिक्वेन्सीवर सतत गुणगुण येत असेल तर घरातले चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करत जा. चोर सापडतो.

डिजिटलकडे जायचं तर

ट्रंकिंग काय आहे हे समजल्याशिवाय सातशे डॉलर खर्च करू नका. एसटी स्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे आधी ठरलेलं नसतं, उद्घोषक ऐनवेळी सांगतो, तसंच. काही मोजक्या फ्रिक्वेन्सी सगळ्या खात्यांत मिळून वापरल्या जातात. कंट्रोल चॅनेल सतत सांगत राहतं की अमुक गटाचं बोलणं आता अमुक फ्रिक्वेन्सीवर. साधा स्कॅनर एका फलाटावर उभा राहतो आणि वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे ऐकतो. ट्रंकिंग स्कॅनर उद्घोषकाचं ऐकून गाडीच्या मागे धावतो.

न्यू जर्सीची राज्यव्यापी यंत्रणा, एनजेआयसीएस, ७०० मेगाहर्ट्झवर पी२५ च्या दुसऱ्या टप्प्याची आहे. अशा यंत्रणांत बरेचदा अनेक मनोऱ्यांवरून एकच सिग्नल एकाच वेळी सुटतो, याला सायमलकास्ट म्हणतात. त्यांच्या मध्ये उभं असताना स्वस्त डिजिटल स्कॅनरला तो प्रतिध्वनीसारखा दुहेरी पोचतो आणि शब्द चिरडले जातात. एसडीएस१०० ची किंमत मुख्यतः हे निस्तरण्यासाठी आहे. तुमच्या काउंटीच्या यादीत ‘सायमलकास्ट’ असं लिहिलेलं असेल तर त्याहून स्वस्त यंत्र घेऊन पश्चात्ताप करू नका.

आणि कुलूप असेल तर कुठलाच स्कॅनर उघडू शकत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून आपलं बोलणं सांकेतिक करायला सुरुवात केली. नव्या यंत्रणेचा खर्च ३९ कोटी डॉलर सांगितला गेला. पत्रकारांनी आणि नगरसेवकांनी बराच आक्षेप घेतला. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने उत्तर एकच: यादीत कुलूप दिसलं तर त्या गटासाठी पैसे खर्चू नका.

संगणकाशी खेळायची आवड असेल तर तीस-चाळीस डॉलरची आरटीएल-एसडीआर ही यूएसबी काडी आणि एसडीआरट्रंक हे फुकट सॉफ्टवेअर यांवर पी२५ ऐकून बघता येतं. आपल्या भागात ऐकण्याजोगं काय आहे हे त्यातून स्वस्तात कळतं. खिशात मात्र मावत नाही.

थोडं वरचं

हॅम रेडिओसाठी १४६.५२० आणि तुमच्या भागातले रिपीटर, म्हणजे आलेला आवाज उंचावरून पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रं, भरा. संध्याकाळी बहुतेक रिपीटरवर एखादी ‘नेट’ असते, हजेरी घेऊन गप्पा. ऐकायला परवाना लागत नाही.

याच बँकेत १४५.८०० भरून ठेवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओचा आवाज या फ्रिक्वेन्सीवर खाली येतो, साध्या एफएममध्ये. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला स्थानकावरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच बोलले होते. शाळांशी होणाऱ्या अशा संवादांचं वेळापत्रक एआरआयएसएस ही संस्था आधी जाहीर करते. जमिनीवरच्या शाळेचे प्रश्न तुम्हाला ऐकू येणार नाहीत, फक्त अंतराळवीराची उत्तरं. स्थानक डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं लागतात. ते कुठल्या दिशेने उगवणार हे फोनवर आधी बघा, इमारतींपासून दूर मोकळ्या मैदानात जा, यंत्र त्या एकाच चॅनेलवर धरून ठेवा आणि स्क्वेल्च पूर्ण उघडा. पहिली दोन मिनिटं खरखर असेल. अँटेना हळूहळू तिरकी करत राहा, एका कोनात आवाज वर येतो. हा एक प्रसंग सोडला तर अँटेना उभीच ठेवा.